शाळेचा विस्तार आणि शेजारची गल्ली: कोल्हापुरातल्या नव्या संस्थाचालकांसाठी

चार वर्ग वाढवायचे असोत, प्रयोगशाळा बांधायची असो की शेजारचा प्लॉट घेऊन दुसरी इमारत उठवायची असो, संस्थेत नव्याने आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेजाऱ्यांची सही लागते का? साध्या बांधकाम परवानगीला लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज जातो, महापालिकेचा नगररचना विभाग नकाशा नियमावलीशी ताडून पाहतो आणि कलम ४५ खाली मंजुरी किंवा नकार देतो. या वाटेत शेजाऱ्याला विचारायची पायरीच नाही.

म्हणून बऱ्याच संस्था विचारतही नाहीत. मग पाया खणायला जेसीबी आला की गल्ली गोळा होते. पाठोपाठ माहिती अधिकाराचे अर्ज, आयुक्तांना निवेदन, दिवाणी कोर्टात मनाईचा दावा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, त्यामुळे रिट याचिका टाकायला आता कुणाला मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. शेजाऱ्यांची संमती कायद्याने मागितलेली नसली तरी कामाच्या वेळापत्रकात धरायची, ती यासाठी. आणि ती नकाशा पक्का होण्याआधी मागायची. नकाशा दाखल झाल्यावर गल्लीत गेलात तर ऐकून घेण्यापलीकडे तुमच्या हातात फारसं काही राहिलेलं नसतं, आणि हे लोकांना तुमच्या चेहऱ्यावरून कळतं.

आधी स्वतःचे कागद

दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी आपली जागा नेमकी किती आणि कुठवर आहे ते माहीत हवं. गावठाणात आणि पेठांत सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) चं प्रॉपर्टी कार्ड, उपनगरांत रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) चा सातबारा, दोन्हीकडे अलीकडचा उतारा काढा. जुन्या कार्डावर कधी संस्थेऐवजी एखाद्या दिवंगत विश्वस्ताचं नाव असतं, कधी देणगी दिलेल्या कुटुंबाचं. हे आधी निस्तरा, कारण विरोध करायचा झाला तर पहिलं बोट इथेच ठेवलं जातं.

मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी. मोजणीची नोटीस लगतधारकांना, म्हणजे हद्दीला हद्द असलेल्या प्रत्येक मिळकतदाराला जाते. विस्ताराची पहिली बातमी शेजाऱ्याला या सरकारी कागदातून कळता कामा नये. नोटीस निघण्याच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकांनी आणि सचिवांनी स्वतः दार वाजवावं: "काका, पुढच्या आठवड्यात मोजणी आहे. आम्हाला मागं दोन मजली इमारत करायची म्हणतोय. मोजणीला तुम्ही उभे राहा." एवढं बोलणं पुरतं. कुंपण आणि मोजणीतली रेषा जुळली नाही, तर त्याच दिवशी तिथंच वाद घालू नका. मोजणी नकाशाची प्रत दोघांकडे येऊ द्या.

नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: जागेवर विकास आराखड्यातलं आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणं) आहे का, रस्तारुंदीकरणात किती जागा जाते, आणि पूररेषा कुठून जाते. जुन्या मंजूर लेआउटमधली खुली जागा शाळेच्या ताब्यात असेल आणि वर्षानुवर्षं तिथं कवायत होत असेल, तरी ती बांधायला मिळालेली जागा नव्हे. त्या जागेवर नकाशा काढून वसाहतीच्या लोकांना भेटायला जाणं म्हणजे भांडणाचं आमंत्रण.

आरक्षण बदलूनच घ्यायचं असेल तर त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया लागते. तिथे मात्र जाहीर नोटीस निघते, हरकती-सूचनांना एक महिन्याची मुदत असते, सुनावणी होते आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते. शेजाऱ्यांचा आवाज इथे कायद्याने ऐकला जातो. या वाटेने जायचं असेल तर पुढे सांगितलेलं सगळं दुप्पट गांभीर्याने घ्या.

शाळा महापालिका हद्दीबाहेर, उचगाव-पाचगावच्या बाजूला असेल, तर अर्ज कुठे करायचा ते आधी विचारा. २०१७ साली शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी वेगळं क्षेत्र विकास प्राधिकरण झालं आहे. बांधकामाचे नियम मात्र दोन्हीकडे तेच, डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे.

संस्थेच्या बाजूने विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो. जागा तारण ठेवून कर्ज काढणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगीही लागते. तुकडीवाढ किंवा दर्जावाढ ही शिक्षण विभागाची वेगळी परवानगी आहे. इमारत मंजूर झाली म्हणजे ती मिळाली असं होत नाही. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. शेजारी विचारतो "किती मजले?", पण त्याला जाणून घ्यायचं असतं ते पोरं किती वाढणार. हा आकडा संस्थेने आधी स्वतःशी ठरवावा. "फक्त प्रयोगशाळा आहे हो" असं सांगून दोन वर्षांनी तीन तुकड्या वाढवल्या, तर पुढची वीस वर्षं त्या गल्लीत तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

कुणाला भेटायचं, कोणत्या क्रमाने

पहिली भेट भिंतीला भिंत असलेल्या घरांची. तिथल्या भाडेकरूंचीसुद्धा, कारण दुपारी घरात तेच असतात. ताराबाई पार्क, नागाळा पार्कात बंगल्याचा मालक पुण्यात किंवा परदेशात असतो. त्याला फोन करा, फक्त वॉचमनजवळ निरोप ठेवून गप्प बसू नका. त्यानंतर शाळेच्या रस्त्यावरचे दुकानदार, रिक्षा स्टॉपवरचे लोक, वसाहतीचं मंडळ, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत शाळा असेल तर तालमीला वळसा घालून काही होत नाही. तालमीच्या कारभाऱ्यांना स्वतंत्र भेटा. पण भिंतीलगतच्या घरांच्या नंतर. आधी तालमीत जाऊन "वरून" मिटवायचा प्रयत्न केला की शेजारच्या आजींना तो दबाव वाटतो, आणि तसा तो असतोही. नगरसेवकांना सगळ्यांत शेवटी भेटा, आणि भेटताना गल्लीत काय काय ऐकलं त्याची टिपणं सोबत न्या.

उत्सवाच्या वर्गणीचा विषय या भेटींत काढायचा नाही. संस्था दरवर्षी देत असेल तेवढीच द्यावी. विस्ताराच्या वर्षी पावती फुगली की मंडळ खूश होतं आणि बाकी गल्ली हिशोब मांडायला लागते. तसंच शेजाऱ्यांच्या मुलांना प्रवेशाचं आश्वासन देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांचे प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात, ते तुमच्या हातात नाहीत. उरलेल्या जागा अशा सौद्यात घातल्या तर ज्यांना सौदा मिळाला नाही ते सगळे विरोधात जातात.

बैठक

संध्याकाळी साडेसातनंतर ठेवा, दुकानं आवरून आणि स्वयंपाकाची घाई संपवून लोक येतील अशी. गणपतीचे दिवस आणि बोर्डाच्या परीक्षा टाळा. जुलै-ऑगस्टही टाळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असताना कुणाचं लक्ष तुमच्या नकाशाकडे नसतं.

स्टेज, हार, सत्कार काही नको. खुर्च्या गोल मांडा. वास्तुविशारदाचा रंगीत त्रिमितीय फलक लोकांना आवडतो, पण त्यातून काही कळत नाही. झाडं त्यात नेहमी मोठी असतात आणि रस्ता नेहमी मोकळा. त्यापेक्षा बैठकीच्या दिवशी मैदानावर चुन्याने इमारतीची रेषा आखून ठेवा आणि चार कोपऱ्यांवर इमारतीच्या उंचीचे बांबू उभे करा. एवढे लांब बांबू मिळाले नाहीत तर दोन जोडा. लोक स्वतःच्या गच्चीवर जाऊन बघतात आणि मग नेमकं बोलतात: "ह्या कोपऱ्यानं आमचं सकाळचं ऊन जातंय. हे चार फूट मागं घेता येतंय का बघा." अशी सूचना मिळाली की बैठक सत्कारणी लागली समजा.

कुणीतरी म्हणेलच, किंवा तुमच्यातलाच एखादा विश्वस्त तावातावाने म्हणेल, की शाहू महाराजांच्या नगरीत शाळेला विरोध कसला करता! हे वाक्य संस्थेच्या बाजूने येऊ देऊ नका. महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, दसरा चौकाच्या परिसरातली बोर्डिंगं त्यांच्याच आधाराने उभी राहिली, हे कोल्हापुरात कुणाला शिकवायला नको. पण शाळा सुटताना ज्या बाईला स्वतःच्या फाटकातून स्कूटर बाहेर काढता येत नाही, तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

बैठकीत उत्तरं देण्याची घाई करू नका. प्रत्येक मुद्दा कुणी मांडला ते लिहून घ्या, वाचून दाखवा, आणि पुढच्या बैठकीची तारीख तिथंच ठरवा. दुसऱ्या बैठकीला बदललेला नकाशा घेऊन जा. पहिल्या नकाशात काहीच बदललं नसेल तर दुसरी बैठक घेऊ नका, लोकांचा वेळ जातो.

तक्रारी काय येतात, त्यांचं काय करायचं

गाड्यांची तक्रार हमखास येते आणि बहुतेक वेळा ती खरी असते. "सर, तुमची शाळा चांगली हाय, पण पालक आमच्या दारात गाड्या लावत्यात आणि हाटकलं तर आम्हालाच दोन मिनिटं थांबा म्हणत्यात," हे वाक्य राजारामपुरीपासून फुलेवाडीपर्यंत थोड्याफार फरकाने ऐकायला मिळेल. नियमावलीप्रमाणे जेवढं पार्किंग लागतं तेवढं वास्तुविशारद नकाशात दाखवतोच. पण शाळा भरताना आणि सुटतानाच्या त्या अर्ध्या तासाची गर्दी त्या हिशोबात नीट मावत नाही. ती वेगळी मोजावी लागते. एखादा आठवडा शिपाई आणि दोन शिक्षक फाटकावर उभे करून दुचाकी, चारचाकी, शाळेच्या रिक्षा आणि व्हॅन किती येतात, किती वेळ थांबतात, कुठल्या दारासमोर थांबतात ते लिहून काढा. हा कागद बैठकीत ठेवला की शेजाऱ्यांना कळतं की आपलं म्हणणं संस्थेला मान्य आहे, आणि निम्मा राग तिथं उतरतो.

उपाय तीन-चारच आहेत. फाटक रुंद रस्त्याच्या बाजूला नेणं. पालकांच्या गाड्यांना आवारातून एका दाराने आत, दुसऱ्या दाराने बाहेर अशी वाट देणं, त्यासाठी नव्या इमारतीचा कोपरा कापावा लागला तरी कापणं. प्राथमिक आणि माध्यमिक सुटण्याच्या वेळांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवणं. आणि रिक्षांना आवारात जागा देणं. वेळांतलं अंतर तर परवानगीची वाट न बघता उद्यापासून सुरू करता येतं, आणि ते करावंच. विस्ताराआधीच गल्लीला फरक दिसला तर पुढची बोलणी सोपी जातात. स्कूल बस नियमावली २०११ प्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि वाहतूक पोलिसांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच असते. ती खरोखर भरवा आणि गल्लीतल्या एकाला निमंत्रित म्हणून बोलवा.

दुसरी मोठी गोष्ट पाणी. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या माणसाला तुमच्या इमारतीच्या उंचीपेक्षा तुम्ही मैदानात किती भराव टाकणार याची काळजी जास्त असते. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, नागाळा पार्कचा सखल भाग, जयंती नाल्याकाठची वस्ती, इथे हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला येतो. नियम असा: नदी आणि निळी पूररेषा (अधूनमधून येणाऱ्या पुराची हद्द) यांच्यामध्ये नवी इमारत बांधता येत नाही. निळी आणि लाल रेषा (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) यांच्यामध्ये बांधता येते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर. आता ही उंची सगळं मैदान भरून गाठायची की इमारत खांबांवर उचलून, हा निर्णय तुमचा. भराव स्वस्त पडतो, पण तिथलं पाणी शेजाऱ्याच्या परड्यात जातं. पूरपट्ट्यात शाळा असेल तर खांबांवरची इमारत आणि खाली मोकळं पार्किंग, याशिवाय दुसरा पर्याय गल्लीसमोर मांडू नये असं माझं मत आहे. गटाराचा उतार, पावसाळी पाण्याची वाट, आणि पाचशे चौरस मीटरच्या वरच्या भूखंडाला बंधनकारक असलेलं पर्जन्यजल संधारण, हे तिन्ही एकाच नकाशावर दाखवा. पुराच्या वेळी नव्या इमारतीचे वरचे मजले गल्लीसाठी निवारा म्हणून उघडण्याची तयारी असेल तर तसा ठराव करा. किल्ली कुणाकडे असेल तेही त्यात लिहा.

खिडक्यांचा प्रश्न तुलनेने सोपा. मागच्या परड्याकडे तोंड करून वर्गाच्या खिडक्या ठेवू नका. उंचावरची झरोक्याची रांग दिली तरी वर्गात उजेड येतो. ऊन-वाऱ्याबद्दल मात्र सावध राहा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणे वीस वर्षं अखंड मिळत असलेला उजेड आणि हवा हा हक्क ठरू शकतो. शाळेच्या मोकळ्या जागेतून गेलेली पायवाटही तशीच. महापालिकेचा मंजूर नकाशा दिवाणी कोर्टातल्या अशा दाव्याला उत्तर होत नाही. दळणाच्या गिरणीकडे किंवा बसथांब्याकडे जाणारी वाट तुमच्या मैदानातून जात असेल तर ती बंद करण्याऐवजी हद्दीच्या कडेने वळवून द्या.

आवाजाबाबत लोक दबकत बोलतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतालचं किमान शंभर मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र घोषित करता येतं, आणि तसं घोषित झालं की तिथे दिवसा मर्यादा ५० डेसिबल. ही मर्यादा शाळेच्या स्वतःच्या स्नेहसंमेलनालाही लागते, हे संस्था सोयीने विसरतात. शेजाऱ्यांनाही आपल्या मंडळाचा साउंड आठवतो, म्हणून दोन्ही बाजू हा विषय लवकर सोडून देतात.

झाडं तोडावी लागणार असतील तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आणि जाहीर नोटीस आलीच. पन्नास वर्षांवरच्या झाडाला २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. मैदानातला जुना वड किंवा चिंच नकाशात आली तर आधी नकाशा वळवून बघा.

शब्द कागदावर

'ना हरकत' च्या छापील कागदावर सह्या गोळा करत फिरू नका. त्यातून कायद्याने फार काही मिळत नाही, आणि सही न करणारा आयताच विरोधक ठरतो. त्याऐवजी ठरलेल्या गोष्टींचे दोन भाग करा. नकाशात दाखवता येणाऱ्या गोष्टी, म्हणजे फाटक, झरोके, सोडलेलं अंतर, खांब, गटार, या दाखल करायच्या नकाशातच घाला. मग त्या मंजुरीचा भाग होतात आणि संस्थेचे पदाधिकारी बदलले तरी राहतात. नकाशात न मावणाऱ्या गोष्टी, म्हणजे सुटण्याच्या वेळा, बांधकामाचे तास, कार्यक्रमांची संख्या, यांचा विश्वस्त मंडळाने ठराव करावा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत प्रत्येक लगतच्या घरी द्यावी. ज्याची तारीख किंवा माप सांगता येत नाही ते ठरावात घालू नका. "योग्य ती काळजी घेतली जाईल" या वाक्यावर कोल्हापुरात कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

दोन बैठकांनंतरही एक-दोन घरं विरोधात राहतील. त्यांचा मुद्दा आणि तुमचं उत्तर लेखी ठेवा आणि पुढे चला.

अर्ज आणि त्यानंतर

वास्तुविशारदामार्फत नकाशा ऑनलाइन दाखल होतो. सोबत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, झोन दाखला, अग्निशमन विभागाचा दाखला, आणि विकास शुल्काबरोबर बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर. बैठकांची इतिवृत्तं कुणी मागत नाही, तरी जोडा. तक्रार अर्ज आला तर अधिकाऱ्याला फाईलमध्येच उत्तर सापडतं. अर्जावर साठ दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मानीव, म्हणजे मिळाल्यासारखी, धरली जाते, पण ती नकाशा नियमांत पूर्ण बसत असेल तरच. मानीव परवानगीच्या भरवशावर शाळेने पाया खणू नये असं मी सांगेन, कारण कलम ५४ खाली काम थांबवायची नोटीस आली की अर्धवट इमारत आणि उघडे गज घेऊन शैक्षणिक वर्ष काढावं लागतं. नकार आला तर चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. मंजुरी एक वर्षाची असते. काम लांबलं तर मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा.

खुदाईआधी लगतच्या प्रत्येक घराचे, आतून-बाहेरून, भिंतींचे फोटो तारखेसह काढा आणि एक संच घरमालकाला द्या. पेठांतल्या जुन्या मातीच्या भिंतींना आधीचे तडे असतातच. नंतर कुठला तडा जुना आणि कुठला जेसीबीचा, यावरून होणारी भांडणं या फोटोंनी मिटतात. वाळू-सिमेंटच्या गाड्या शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी आणू नका. रात्री स्लॅब टाकायचाच झाला तर आदल्या दिवशी घरोघरी सांगा. ठेकेदाराऐवजी संस्थेतल्या एका माणसाचा मोबाईल नंबर फाटकावर लावा, आणि तो उचलला जाईल असं बघा.

जोत्याची तपासणी करून घेतल्याशिवाय वर चढू नका, मागची मापं चुकली असतील तर ती तेव्हाच दुरुस्त होतात. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) मिळेपर्यंत नव्या इमारतीत वर्ग भरवायचे नाहीत, जूनमध्ये कितीही ओढाताण झाली तरी. आणि पहिला मोठा पाऊस झाला की मागच्या परड्यात जाऊन पाणी कुठे तुंबतंय ते घरमालकाबरोबर बघून या, कारण गटाराचा उतार बदलायचा असेल तर ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधीच बदलून घेता येतो.